मोरचूद, टीसीएल आणि मोल : अकरावीच्या सराव संचाच्या नोंदी

३ ऑक्टोबर

अकरावीच्या रसायनशास्त्रातल्या पहिल्या दोन प्रकरणांसाठी मराठीत सराव संच करायचा, हे आज नक्की झालं. मोल (कण मोजायचं एकक, जसं डझन), मोलॅरिटी (लिटरभर द्रावणात किती मोल), मोलॅलिटी (किलोभर द्रावकात किती मोल), टक्केवारी, पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग), मर्यादक अभिकारक (अभिक्रियेत आधी संपणारा पदार्थ) एवढाच आवाका. जास्त नाही. आमच्या सांगलीच्या ज्युनिअर कॉलेजात निम्मी मुलं तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भागातून एसटीनं येतात. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. अकरावीत सगळं इंग्रजीत, त्यामुळे गणित अवघड की भाषा अवघड हेच पहिले दोन महिने त्यांना कळत नाही.

अंदाज घ्यायला आज वर्गात दोन प्रश्न दिले. पहिला : एक लिटर द्रावणात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आहे, मोलॅरिटी किती? दुसरा : त्याच द्रावणात पोटॅशियम आयनांची मोलॅरिटी किती?

पहिला बहुतेकांना आला. रेणुवस्तुमान (एका मोलचं ग्रॅममधलं वजन) १३८.२, २५ भागिले १३८.२, उत्तर ०.१८१ मोलर. दुसऱ्याला बहुतेकांनी तेच उत्तर परत लिहिलं. एका रेणूत पोटॅशियमचे दोन अणू, म्हणजे पाण्यात दोन आयन सुटतात, म्हणून ०.३६२. हे सूत्रात कुठंच लिहिलेलं नसतं. सूत्रावर वाढलेली पोरं तिथंच अडकतात.

आणखी एक गोष्ट. लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट हा बेदाण्याच्या डिपिंगचा, म्हणजे सुकवण्याआधी द्राक्षं द्रावणात बुडवण्याचा आकडा आहे. वर्गात बेदाणा शेड असलेल्या घरातली पोरं बसली होती. एकाच्याही ध्यानात आलं नाही. आता गणितं ह्याच भागातली घ्यायची, बाहेरची शक्यतो नाहीत.

५ ऑक्टोबर

संचात सूत्र कुठं द्यायचं ह्यावर सहकारी सरांशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, मोलॅरिटीचं सूत्र पहिल्या पानावर चौकटीत छापा, पोरांना आधार वाटतो. माझं म्हणणं, चौकट दिसली की पोरगं प्रश्न वाचायचं सोडतं आणि आकडे वेचायला लागतं. दोन आकडे मिळाले की मोठ्याला लहानानं भागतं.

माझी पद्धत अशी राहील. प्रश्न वाचला की आधी प्रत्येक आकड्याला आडनाव लावायचं. नुसतं २५ म्हणजे कुणीच नाही. '२५ ग्रॅम, पोटॅशियम कार्बोनेटचे, एक लिटर द्रावणात' असं पूर्ण लिहायचं. कशाचे, आणि कशात. हे लिहून होईपर्यंत कॅल्क्युलेटर दप्तरात. मग ग्रॅमवरून मोलवर यायचं, मोलवरून जे विचारलंय तिकडं जायचं. सूत्र शेवटच्या पानावर राहील, हवं त्यानं बघावं.

सर म्हणाले, "परीक्षेत एवढा वेळ कुणाकडं असतो?" त्यांचं खोटं नाही. पण तिमाहीच्या पेपरात मार्क गेले होते ते वेळेअभावी नव्हते. 'द्रावण' आणि 'द्रावक' ह्यांत घोळ झाला म्हणून गेले होते.

९ ऑक्टोबर

आजचं प्रात्यक्षिक मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं. कठीण काचेच्या परीक्षानळीत ५ ग्रॅम निळे स्फटिक घेतले, नळी तोंडाकडं किंचित उतरती धरून मंद आचेवर तापवली. आधी तोंडाजवळ पाण्याचे थेंब जमले, मग निळा रंग बुडापासून फिकट होत गेला आणि खाली पांढरट भुकटी उरली. थंड झाल्यावर ड्रॉपरनं दोन थेंब पाणी टाकलं तर भुकटी परत निळी, आणि नळी हाताला गरम. पाठीमागच्या बाकावरची पोरं तेवढ्यासाठी पुढं आली.

हिशोब : निळ्या स्फटिकात कॉपर सल्फेटच्या एका एककामागं पाण्याचे पाच रेणू असतात. सगळ्यासकट मोलर वस्तुमान २४९.७, पाणी काढून १५९.६. म्हणजे ३६.१ टक्के वजन पाण्याचं. ५ ग्रॅमला १.८० ग्रॅम घट यायला हवी. गटांची घट १.५ ते १.७ च्या दरम्यान आली. पाचातला शेवटचा रेणू सहज सुटत नाही, त्याला दोनशे अंशांच्या वर तापवावं लागतं. घाई करून जोरात तापवणाऱ्या गटाची भुकटी काळपट झाली. तिथं कॉपर सल्फेटच फुटून कॉपर ऑक्साइड व्हायला लागलं होतं.

ह्यावरून संचात जाणारं गणित : लिटरला १० ग्रॅम मोरचूद घातला तर मोलॅरिटी किती? पाणी धरून ०.०४० मोलर. पाणी न धरता कुणी केलं तर ०.०६३ येतं, म्हणजे दीडपटीच्या वर फरक. पुडक्यात निळे स्फटिक आहेत की पांढरी भुकटी, हे आधी बघायचं. गणित त्याच्यानंतर.

१४ ऑक्टोबर

एका विद्यार्थ्याच्या द्राक्षबागेत गेलो, तासगावच्या पुढं. फळछाटणी होऊन आठवडा झालेला, रात्री पाऊस पडून गेलेला, डाऊनी ह्या पानांवरच्या रोगाच्या धास्तीनं बोर्डो मिश्रणाच्या फवारणीची तयारी चाललेली. बोर्डो मिश्रणावर आपल्याकडं मोलची गणितं का शिकवत नाहीत, हे मला कोडंच आहे. त्यात जवळजवळ सगळं प्रकरण बसतं.

एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. दोनशे लिटरच्या प्लॅस्टिक बॅरलला दोन-दोन किलो. मोरचूद आदल्या रात्री कापडात बांधून पाण्यात लटकवलेला होता, विरघळायला वेळ लागतो म्हणून. कळीचा चुना वेगळ्या टपात फोडून, गाळून घेतलेला. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतत गेले, तसा आभाळी रंगाचा दाट गाळ धरत गेला.

विद्यार्थ्याचे आजोबा बांधावर बसून लक्ष ठेवून होते. गाळ झाल्यावर त्यांनी विळा मागवला, पातं मिश्रणात धरलं, थोड्या वेळानं काढून उन्हात फिरवून बघितलं.

"काय बघताय, आबा?"

"तांबूस लेप आला का बघायचं, सर. आला तर चुना कमी पडला. तसंच मारलं तर पान भाजतं."

"का येतो लेप?"

"ते तुम्ही सांगायचं. आम्हाला पान वाचवायचं म्हाईत."

पोराकडं बघितलं. त्यानं आधी खाली बघितलं, मग म्हणाला, "सर, लोखंड विरघळतंय आणि तांबं बसतंय." बरोबर. कॉपर आयन शिल्लक असतील तर लोखंड त्यांना विस्थापित करतं आणि पात्यावर तांबं साचतं. चुना पुरेसा असेल तर सगळं तांबं गाळात अडकलेलं असतं आणि पातं स्वच्छ निघतं. आबांचं पातं स्वच्छ निघालं. आबा ज्याला विळ्यानं बघतात तो मर्यादक अभिकारक, पुस्तकात त्याला पानभर मजकूर आहे.

जाता जाता एक ऐतिहासिक तपशील संचासाठी टिपून ठेवतो. हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्दोचं, म्हणून बोर्डो. तिथल्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे ह्यांना १८८२ साली दिसलं, की रस्त्याकडेच्या ज्या वेलींना चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून मोरचूद-चुना फासला होता, त्यांची पानं डाऊनीतून वाचली होती. १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. औषध सापडलं ते चोरांमुळं. हे सांगितल्यावर आबा खुशीत हसले.

१६ ऑक्टोबर

बागेतलं गणित वर्गात फोडलं. एक किलो मोरचूद म्हणजे १००० भागिले २४९.७, साधारण ४ मोल. एक किलो विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, मोलर वस्तुमान ७४.१, साधारण १३.५ मोल. कॉपर हायड्रॉक्साइड होतं असं धरलं तर एका कॉपर आयनाला दोन हायड्रॉक्साइड लागतात, आणि चुन्याच्या एका एककात ती दोन असतातच. म्हणजे एकास एक. ४ मोलांना ४ मोल पुरे, वजनात सुमारे ३०० ग्रॅम.

लगेच हात वर : "सर, मग एक किलो का टाकतात? सातशे ग्रॅम वाया?"

ह्याच प्रश्नासाठी गणित दिलं होतं. आधी पोरांनाच कारणं शोधायला लावली. एका मुलीनं सांगितलं, चुना हवेत ठेवला की खराब होतो. बरोबर, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो, आणि तो फारसा विरघळत नाही. दुसरं, कळीच्या चुन्यात खडे, माती, न भाजलेला चुनखडा असतो. तिसरं माझ्याकडून : खरा गाळ निव्वळ हायड्रॉक्साइडचा नसतो, त्यात सल्फेटही अडकतं, त्यामुळं काटेकोर पाहिलं तर ३०० ग्रॅमपेक्षा कमी चुनाही पुरायला हवा. म्हणजे समीकरण एका बाजूला ओढतं आणि बाजारातला चुना दुसऱ्या बाजूला. शेतकरी मधे विळा धरतो.

तीन बीकर केले. प्रत्येकात १ ग्रॅम मोरचुदाचं द्रावण. पहिल्यात ०.१ ग्रॅम चुना, दुसऱ्यात ०.३, तिसऱ्यात १. प्रत्येकात घासलेला खिळा. पहिल्यातला खिळा बघता बघता तांबूस झाला. तिसऱ्यातला तसाच राहिला. दुसऱ्यात वाद झाला, कुणाला लेप दिसला, कुणाला नाही. प्रयोगशाळेतल्या चुन्याची बरणी जुनीच आहे. वाद तसाच संचात टाकतो, 'कारण सुचवा' म्हणून.

उत्तरसूचीसाठी सूचना : ०.०४००४८ असं उत्तर कुणी लिहिलं तर अर्धा मार्क कापायचा. बॅरलवरची दोनशेची खूण डोळ्यानं बघून पाणी भरलेलं असतं.

२१ ऑक्टोबर

अवोगॅड्रो अंकाचं पान लिहिलं. छोटंच ठेवलं. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या थेट आकड्यानं होते : ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. कार्बन-१२ चे १२ ग्रॅम ही जुनी व्याख्या अजून कित्येक गाइडांत आहे. ती आली तरी गणितं चुकत नाहीत, पण व्याख्या विचारली तर नवीच लिहायची.

उद्यापासून दिवाळीच्या सुट्टीची गडबड. काम थांबेल.

१८ नोव्हेंबर

सुट्टीनंतर वर्गात निम्मी हजेरी. जीएचं डिपिंग चालू आहे, घरची माणसं कमी पडतात. मग आजचा विषय जीएच.

जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, मोलर वस्तुमान ३४६.४. घड लांबायला आणि मणी फुगायला वापरतात. पोरांना विचारलं, "दहा पीपीएम कसं करता?" एका दमात उत्तर : "शंभर लिटरला एक ग्रॅम." पुढं विचारलं, "दहा लाख भागांत दहा भाग म्हणजे शंभर लिटरला एक ग्रॅम कसं?" शांतता.

फळ्यावर सावकाश केलं. १ ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम. शंभर लिटरमध्ये वाटले तर लिटरला १० मिलिग्रॅम. एक लिटर पातळ द्रावणाचं वजन जवळपास एक किलो, म्हणजे दहा लाख मिलिग्रॅम. दहा लाखांत दहा. 'जवळपास' ह्या शब्दावर मुद्दाम थांबलो. पातळ जलीय द्रावणाला हे चालतं, साखरेच्या पाकाला चालणार नाही.

आता मोलॅरिटी : ०.०१० भागिले ३४६.४, म्हणजे ०.००००२८९ मोलर. एवढं पातळ द्रावण काय काम करणार, असं पोरांच्या तोंडावर दिसत होतं. म्हणून एका मिलिलिटरमधले रेणू मोजायला लावले. १.७ गुणिले १० चा १६ वा घात. घडाला चिकटून राहिलेल्या एकेका थेंबात रेणूंची अशी गर्दी असते. संप्रेरकाला ती पुरते.

पुडीवर शुद्धता ९० टक्के लिहिली असेल तर १ ग्रॅम पुडीत जीए ०.९ ग्रॅमच, आणि शंभर लिटरला ९ पीपीएम. हा प्रश्न क्रमांक देऊन संचात घेतला. 'समजा' म्हणून घेतला, कारण पुड्या वेगवेगळ्या असतात.

२७ नोव्हेंबर

विरलीकरण. जीएची भुकटी थेट पाण्यात नीट विरघळत नाही. आधी थोड्या अल्कोहोलात किंवा ॲसिटोनमध्ये घोळतात, मग पाण्यात. म्हणजे घरोघरी स्टॉक द्रावण करून ते पातळ करण्याचा धडा गिरवला जातो.

गणित : ३ ग्रॅम शुद्ध जीए अल्कोहोलात विरघळवून १५० मिलिलिटर स्टॉक केला. दोनशे लिटर द्रावण १५ पीपीएमचं हवंय. किती स्टॉक लागेल? गंमत अशी, की दोनशे लिटर गुणिले लिटरला १५ मिलिग्रॅम म्हणजे ३००० मिलिग्रॅम, म्हणजे ३ ग्रॅम. सगळाच स्टॉक. सूत्रात आकडे भरणाऱ्यांनी अर्ध पान भरवून १५० मिलिलिटर काढलं. आडनावं लावणाऱ्या एका मुलीनं दोन ओळींत लिहिलं : 'जीए पाहिजे ३ ग्रॅम. बाटलीत आहे ३ ग्रॅम. सगळी ओता.' तिचं उत्तर नमुना उत्तर म्हणून जसंच्या तसं छापणार.

विरलीकरणात पाणी वाढतं, द्राव्य तेवढंच राहतं. दोन्हीकडचा गुणाकार सारखा येतो तो ह्याच्यामुळं.

५ डिसेंबर

टीसीएलकडं वळलो. गावोगावी टाकीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर. नेहमीचा हिशोब हजार लिटरला ५ ग्रॅम, पावडरीत उपलब्ध क्लोरीन ३३ टक्के धरून. म्हणजे क्लोरीन १.६५ ग्रॅम, लिटरला १.६५ मिलिग्रॅम. त्यातलं बरंच पाण्यातल्या घाणीशी झुंजण्यात खर्च होतं. शेवटच्या नळाला लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरायला हवं. ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्टमध्ये पाणी पिवळं होतं ते ह्या उरलेल्या क्लोरीनमुळं.

३३ टक्के हा आकडा कुठून येतो? पुस्तकातलं सूत्र धरलं तर ब्लीचिंग पावडरीचं मोलर वस्तुमान १२७ आणि त्यातून मिळणारं क्लोरीन ७१, म्हणजे ५६ टक्के यायला हवेत. बाजारातली पावडर म्हणजे एक शुद्ध संयुग नाही, त्यात चुना आणि कॅल्शियम क्लोराइडही असतं. त्यामुळं ३३-३५ च्या आसपास मिळतं, आणि पिशवी उघडी राहिली की तेही उतरत जातं.

एका विद्यार्थ्यानं त्याच्या गावच्या पंपहाऊसमधून थोडी पावडर आणायचं कबूल केलं. गावाचं नाव इथं लिहीत नाही, कारण दुसऱ्या गावांत वेगळं असेल असं मला वाटत नाही.

१० डिसेंबर

आजचा दिवस टायट्रेशनचा, म्हणजे माहितीतलं द्रावण थेंबाथेंबानं किती लागतं त्यावरून दुसरं मोजायचा. सगळ्या संचातलं मला आवडलेलं काम हेच.

आधी ०.१ मोलर सोडियम थायोसल्फेट केलं. २५० मिलिलिटरला ६.२ ग्रॅम, आणि इथंही स्फटिकात पाण्याचे पाच रेणू. ह्या वेळी कुणी विसरलं नाही. पोटॅशियम डायक्रोमेटनं त्याची खरी संहती तपासून घेतली. मग १.०० ग्रॅम पावडर खलबत्त्यात पाण्याबरोबर वाटून २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये भरली. त्यातले, चांगलं हलवून, २५ मिलिलिटर शंकूपात्रात घेतले. त्यात पोटॅशियम आयोडाइड आणि ॲसेटिक आम्ल टाकल्याबरोबर पाणी काळपट तांबडं झालं, कारण क्लोरीननं आयोडीन मोकळं केलं. ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडत गेलं तसं ते चहासारखं, मग फिकट पिवळं. तिथं स्टार्चचे थेंब टाकले, गडद निळं झालं, आणि मग एकेक थेंब. एका थेंबाला निळा रंग पूर्ण गेला. ब्युरेट धरलेल्या मुलीनं आकडा सांगायच्या आधी श्वास सोडला.

६.१ मिलिलिटर. दुसऱ्यांदाही तेच.

फळ्यावर : ६.१ मिलिलिटर गुणिले ०.१ म्हणजे ०.६१ मिलिमोल थायोसल्फेट. एक मोल आयोडीनला दोन मोल थायोसल्फेट, आणि एक मोल क्लोरीनमागं एक मोल आयोडीन. म्हणून क्लोरीन ०.३०५ मिलिमोल, गुणिले ७०.९, म्हणजे २१.६ मिलिग्रॅम. हे २५ मिलिलिटरमधलं, आणि त्यात पावडर होती ०.१ ग्रॅम. म्हणजे २१.६ टक्के.

तेहतीसच्या जागी साडेएकवीस. ह्या पावडरीनं हजार लिटरला ५ ग्रॅम टाकले तर लिटरला १.०८ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतं. आधीइतकं हवं असेल तर १.६५ भागिले ०.२१६, साधारण ७.६ ग्रॅम. पन्नास हजार लिटरच्या टाकीला २५० ऐवजी ३८० ग्रॅम.

पोरगं हा आकडा कागदावर लिहून घरी घेऊन गेलं.

१२ डिसेंबर

कागद गावच्या जलसुरक्षकांपर्यंत पोचला. त्यांचं उत्तर : "सर, आम्ही एक वाटी जादाच टाकतो." वाटी म्हणजे किती ग्रॅम? त्यांच्या वाटीनं मोजून आणायला सांगितलंय. पिशवीचं तोंड बांधून, कोरड्या जागी ठेवायचं मात्र त्यांनी लगेच मान्य केलं.

३ जानेवारी

मोलॅरिटी आणि मोलॅलिटी ह्यांतला फरक. ऊस तोडणी जोरात, म्हणून उसाचा रस. ब्रिक्स मीटर सगळ्यांनी बघितलेलं असतं. १८ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात १८ ग्रॅम विरघळलेले घन पदार्थ. गणितासाठी सगळी सुक्रोज धरली, मोलर वस्तुमान ३४२.३, रसाची घनता १.०७४.

मोलॅलिटी : १८ भागिले ३४२.३, म्हणजे ०.०५२६ मोल, ८२ ग्रॅम पाण्यात. किलोला ०.६४. मोलॅरिटी : तोच १०० ग्रॅम रस ९३.१ मिलिलिटर भरतो, म्हणून लिटरला ०.५६. रस तोच, साखर तीच, आकडे दोन. एकात भागलं पाण्याच्या वजनानं, दुसऱ्यात रसाच्या आकारमानानं. तापमान वाढलं की रस फुगतो, मोलॅरिटी उतरते, मोलॅलिटी जागची हलत नाही.

एवढंच. ह्या प्रकरणावर पुस्तकात गरजेपेक्षा जास्त गणितं आहेत.

२० जानेवारी

ओआरएसची पुडी. २०१९ च्या पुरात कृष्णेकाठच्या छावण्यांत ह्या पुड्या वाटल्या होत्या, पोरांना ते आठवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणं एका लिटरला : मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. एकूण २०.५ ग्रॅम.

प्रश्न : सोडियम किती मिलिमोल? मिठातून २६०० भागिले ५८.४, म्हणजे ४४.५. सायट्रेटमधून, स्फटिकजल धरून मोलर वस्तुमान २९४.१, ९.९ मिलिमोल, आणि एकेका एककात तीन सोडियम, म्हणजे २९.६. बेरीज ७४ च्या वर. पुडीवर ७५ छापलेलं असतं. क्लोराइड दोन ठिकाणांहून, ४४.५ अधिक २०.१, पुडीवर ६५. ग्लुकोज ७५, पोटॅशियम २०. ३ ऑक्टोबरला जी पोरं पोटॅशियमच्या दोन आयनांवर अडकली होती, त्यांतल्या बहुतेकांनी सायट्रेटचे तीन सोडियम न सांगता धरले. सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ का, हे जीवशास्त्राच्या मॅडमनी येऊन सांगितलं : आतड्यात दोघं जोडीनं शोषले जातात आणि त्यांच्यामागं पाणी जातं.

१८ फेब्रुवारी

बेदाणा शेड. मिरज पूर्वेकडं, सोनाका द्राक्षाची. डिपिंगच्या टाकीत शंभर लिटरला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट. अडीच टक्के आणि दीड टक्का. पहिला वजन भागिले आकारमान, दुसरा आकारमान भागिले आकारमान. कागदावर दोन्हींपुढं नुसतं 'टक्के'. आडनावाचा आग्रह धरायला ह्याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं.

मालकांनी क्रेट बुडवून दाखवलं. बाहेर काढल्यावर मण्यांवरची पांढुरकी झाक गेली होती आणि मणी काचेसारखे चकाकत होते. सालीवरच्या मेणाच्या थरातून पाण्याला वाट मिळते, म्हणून रॅकवर द्राक्ष लवकर सुकतं.

तिथंच उभ्याउभ्या गणित घातलं. शंभर किलो द्राक्ष, घन पदार्थ २२ टक्के, बाकी पाणी. बेदाण्यात १५ टक्के पाणी ठेवायचं. बेदाणा किती? पहिलं उत्तर आलं ३७ किलो, ७८ मधून १५ वजा करून ६३ किलो पाणी उडवलेलं. पण ते १५ टक्के बेदाण्याचे आहेत, द्राक्षाचे नाहीत. उडतं ते पाणी, २२ किलो घन पदार्थ तसेच राहतात. ते बेदाण्यात ८५ टक्के. २२ भागिले ०.८५, म्हणजे २५.९ किलो.

मालक म्हणाले, "चाराला एक. आम्ही कधीपास्नं तेच धरतोय."

२६ फेब्रुवारी

संच झेरॉक्सला दिला. दोन गणितं काढली. एक हळदीतल्या कर्क्युमिनचं होतं, आमच्याकडं ते मोजायची सोय नाही आणि न मोजलेला आकडा छापायचा नव्हता. दुसरं संहत गंधकाम्लाचं, ९८ टक्के आणि घनता १.८४ वरून १८.४ मोलर. गणित चांगलं आहे, पण कुणी घरी करून बघेल ह्या भीतीनं ते प्रात्यक्षिकाच्या वहीत हलवलं, 'आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही' ह्या ओळीखाली.

जलसुरक्षकांची वाटी आली. काठोकाठ भरून पावडर १४० ग्रॅम. २५० वर १४० जादा म्हणजे ३९०. त्यांच्या टाकीला ३८० लागत होते. हे गणित शेवटच्या क्षणी संचात चिकटवलं, क्रमांक न देता, मागच्या कव्हरवर. खाली एक उपप्रश्न : नवी पिशवी उघडल्यावर ही जादा वाटी टाकायची का? लिटरला किती मिलिग्रॅम क्लोरीन होईल ते काढून सांगा.

सूत्रांचं पान सहकारी सरांच्या आग्रहानं राहिलं. शेवटचंच आहे.